पितळ उघडं पडलं, बरं झालं

छत्रपती संभाजीनगरात जुने फिल्म कॅमेरे मुख्यतः दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे घरातल्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. दुसरं म्हणजे गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या भागांतल्या जुन्या स्टुडिओंचं काचेचं शोकेस. कपाटातला कॅमेरा दिसायला कोरा करकरीत असतो आणि चालत नाही. शोकेसमधला कॅमेरा सगळ्या लग्नसराईचा मार एकट्यानं खाल्ल्यासारखा दिसतो आणि बटण दाबलं की खटकन चालतो. घरच्यांना हे कोडं काही सुटत नाही. "इतका जपला, पोरांना कधी हात लावू दिला नाही, तरी बिघडला कसा?" दुरुस्तीवाला यावर काही बोलत नाही, कारण गिऱ्हाईक दुखावून त्याचं भागत नाही. बोलला असता तर एवढंच म्हणाला असता, की जपला म्हणूनच बिघडला.

वापरानं कॅमेऱ्याचं काय होतं ते आधी बघितलेलं बरं. जुन्या चांगल्या कॅमेऱ्यांची वरची आणि खालची झाकणं पितळी पत्र्याची असत. १९२५ साली बाजारात आलेला पहिला जर्मन लाइका काळ्या रोगणात होता आणि त्याच्या चकत्या-बटणांवर निकेलचा मुलामा होता. १९३३ पासून त्याला क्रोमचा मुलामा मिळू लागला. क्रोम चिवट. वर्षानुवर्षं हाताळलं तरी फार तर जास्त गुळगुळीत होतं. काळा रंग मात्र शेवटी रंगच, तो झिजतो. पण झिजतो तोही शिस्तीत. पट्टा अडकवायच्या कड्यांखाली कडी डुलून डुलून अर्धचंद्र उमटतो. रीळ पुढे सरकवायच्या दांडीच्या टोकाला, जिथे अंगठा लागतो, तिथे पितळ डोकावतं. खालच्या झाकणाच्या कडा टेबलावर, ओट्यावर, बोहल्याच्या पाटावर ठेवून ठेवून पिवळ्या होतात. १९५९ च्या निकॉन एफच्या डोक्यावर टोकदार त्रिकोणी घुमटी असते. तिचे कोपरे सगळ्यांत आधी उघडे पडतात, कारण फोटोग्राफर कुठल्याही दारातून आत शिरला की चौकटीला पहिली धडक तीच देते. जाणता माणूस नुसता कॅमेरा हातात घेऊन मालक डावखुरा होता का, पट्टा गळ्यात घालायचा की मनगटाला गुंडाळायचा, हे सांगू शकतो. या झिजेनं आतल्या एकाही चाकाचं काही बिघडत नाही. गेलेलं असतं ते फक्त रूप.

आणि मराठवाड्यातल्या लग्नात रूप टिकावं अशी अपेक्षा तरी कुणी करावी?

डिजिटल येण्याआधी लग्नाच्या फोटोंचा मोठा भार दोन लेन्सच्या, वरून बघायच्या कॅमेऱ्यांनी वाहिला. त्यांतला याशिका मॅट १२४ जी १९७० ते १९८६ या काळात बनला आणि भारतातल्या स्टुडिओंचा लाडका झाला. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. काचेत डावी बाजू उजवीकडे दिसते. त्यामुळे नवरदेव डावीकडे सरकला की नवखा फोटोग्राफर उजवीकडे सरकतो आणि दोघांची गाठ पडत नाही. खरी मजा मंगलाष्टकं संपताना येते. वाजंत्री कडाडतात, चारही बाजूंनी अक्षता उडतात आणि फोटोग्राफरच्या पोटाशी एक चौकोनी पेटी आ वासून आभाळाकडे तोंड करून उघडी असते. वधूवरांच्या डोक्यावर पडायच्या अक्षतांमधला ठरावीक वाटा त्या पेटीत जातो. नंतर दुधी काचेवर कुंकवाचे लालसर ठिपके आणि झाकणाच्या बिजागरीत तांदळाची कणी अडकलेली सापडते. ती काढायला सुई लागते, आणि सुई घसरली की काचेवर रेघ.

हळदीच्या दिवशी वेगळा प्रकार. नवरीची मावशी आधी नवरीला हळद लावते, मग उत्साहाच्या भरात दिसेल त्याला लावते, आणि फोटोग्राफर तर डोळ्यांसमोरच उभा. त्याच्या बोटांवरची हळद कॅमेऱ्यावरच्या नकली कातड्याच्या बारीक सुरकुत्यांत जाऊन बसते. काळ्या कॅमेऱ्यावर लांबून पिवळं काही दिसलं, तर ते पितळ आहे की हळद, हे जवळ जाऊनच ठरवावं लागतं. याशिकाचं अंग ॲल्युमिनियमचं. तिथे झिजेखालून पांढरं येतं, त्यामुळे पिवळं दिसलं तर ती मावशी, हे नक्की. वर मे महिन्याचा घाम. घामातलं मीठ निकेलच्या मुलाम्याला खातं, आणि या शहरात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तळहाताला दुसरं काही कामच नसतं.

एवढं कमी पडतं म्हणून दसरा येतो. खंडेनवमीला ज्याची जी हत्यारं तो ती पुजतो. सुताराचा रंधा, वाण्याचा तराजू, तसा फोटोग्राफरचा कॅमेरा. लेन्सच्या कड्यावर गंधाचं बोट, फ्लॅशला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. फूल ताजं आणि ओलं असतं, ते तसंच रात्रभर राहतं आणि त्याखाली डाग पडतो. पूजेच्या डागाबद्दल मात्र कुणी तक्रार करत नाही.

इतके हाल होऊनही हे कॅमेरे चालत राहिले, त्याला कारण आहे. रोज शटर उडत होतं, चाकं फिरत होती, वंगण हलतं राहत होतं. कपाटातल्या कॅमेऱ्याचं बरोबर उलटं. वंगण जागच्या जागी घट्ट होतं. कापडी शटरवरचं रबर ताठरतं. एका सेकंदाचा वेग तीन सेकंद घेतो, आणि एक दिवस शटर अर्ध्यात थांबतं ते कायमचं.

आता जपण्याच्या तऱ्हा.

पहिली तऱ्हा कातडी केसची. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेल्या आग्फा क्लिकपासून रशियन झेनिटपर्यंत सगळ्यांना केस असे आणि मध्यमवर्गीय घरांत कॅमेऱ्यापेक्षा केसचं कौतुक जास्त. घरचा कर्ता माणूस दौलताबादच्या किल्ल्यावर पोचला की आधी केसची दोन बटणं सोडायचा, मग पुढचा पडदा खाली पाडायचा, मग लेन्सची टोपी काढून खिशात ठेवायचा, मग ती कुठल्या खिशात ठेवली ते बायकोला सांगून ठेवायचा. तोवर उन्हात उभी केलेली मंडळी पांगलेली असत. कॅमेऱ्याला ओरखडा पडू नये म्हणून ही सगळी शर्थ. पण कमावलेल्या कातड्यात आम्ल असतं, तेल असतं, आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. पितळ आणि असलं कातडं वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की बिनकल्हईच्या पातेल्यात ताकाचं होतं तेच होतं, म्हणजे कळकतं. स्क्रूंच्या डोक्यांवर, कड्यांवर हिरवट मेणचट थर येतो. जर्मनीच्या झाइस कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या काँटॅक्स कॅमेऱ्यांत तर ही व्याधी जन्मजात होती. कातड्याखालचे पितळी रिव्हेट हिरवे होऊन फुगतात आणि वरून कातड्याला टेंगळं येतात. जगभरचे संग्राहक त्यांना 'झाइसची टेंगळं' म्हणूनच ओळखतात. कातडं उचलायचं, हिरवं खरवडायचं, पुन्हा चिकटवायचं, एवढाच त्यावर इलाज. जुन्या लाइकाला कातडं नसे, व्हल्कनाइट नावाचं कडक रबर असे. त्याला टेंगूळ येत नाही, पण म्हातारपणी ते ठिसूळ होतं आणि पोपडे धरून निसटतं.

दुसरी तऱ्हा डांबराच्या गोळ्यांची. शालूला चालतात तर कॅमेऱ्याला का नाही, असा साधा हिशेब. त्या गोळ्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात. शालूत प्लास्टिक नसतं, हा मुद्दा हिशेबातून निसटलेला.

तिसरी तऱ्हा ऊन दाखवण्याची. हिच्यात थोडं शहाणपण आहे. लेन्सवरची बुरशी साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की फोफावते आणि तिच्या आम्लानं काचेवरचा लेप कुरतडला जातो. या बाबतीत मराठवाडा नशीबवान. कोकणातला कॅमेरा दोन पावसाळ्यांत आतून कोळ्याच्या जाळ्यासारखा होतो. इथे पावसानं शेतकऱ्याला जे नाकारलं ते बुरशीलाही नाकारलं आहे. तेव्हा ऊन दाखवायला हरकत नाही, फक्त लेन्सला टोपी हवी. टोपी काढून कापडी शटरचा कॅमेरा गच्चीवर सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर लेन्स भिंगाचं काम चोख करते आणि शटरच्या पडद्याला भोक पाडते. पुढे प्रत्येक फोटोत आभाळात एक जादा सूर्य.

चौथी तऱ्हा घासण्याची, आणि ती दिवाळीच्या साफसफाईत उद्भवते. कोपऱ्यातलं पितळ दिसलं की घरातल्या कुणाच्या तरी हाताला चिंच किंवा पितांबरी आठवते. पितांबरीचा यात काही दोष नाही, ती भांड्यांसाठी आहे आणि पितळ चमकवण्याचं आपलं काम करते. कोपऱ्यातलं पितळ चमकतं, मग शेजारचा काळा रंग मळकट वाटू लागतो, मग तोही घासला जातो. कॅमेरा दिवाळीच्या समईसोबत लखलखीत होऊन बाहेर येतो. तेवढ्या पॉलिशमध्ये वेगाचे आकडे पुसट झालेले असतात.

या सगळ्यात जपण्याशी काहीही संबंध नसलेला एक प्रकारही आहे. १९७० च्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत प्रकाश आत शिरू नये म्हणून मागच्या झाकणाच्या खाचेत स्पंज बसवलेला असे. हवेतल्या ओलाव्यानं तो कालांतरानं विरघळतो आणि त्याचा काळा चिकटा होतो. पस्तीस वर्षांनी मोठ्या हौसेनं कॅमेरा उघडणाऱ्या नातवाच्या बोटांना तो लागतो, बोटांवरून शर्टाला, शर्टावरून सोफ्याला. मग आजोबांच्या कॅमेऱ्याची रवानगी पुन्हा वरच्या कप्प्यात, या वेळी कॅरीबॅगेत गुंडाळून.

वरचं रूप आणि आतला माल यांचा जमाखर्च या शहराला नवा नाही. बीबी का मकबरा १६६०-६१ च्या सुमाराचा. त्यावर अताउल्ला आणि हंसपत राय या कारागिरांची नावं कोरलेली आहेत. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला पांढरा गिलावा. खर्च आवरता घेतला होता, पण फोटोत कुणाला कळत नाही. १९७६ साली कॅननच्या कारखान्यात नेमका हाच विचार झाला. एई-१ या कॅमेऱ्याचं वरचं झाकण पितळाचं न करता प्लास्टिकचं केलं आणि त्यावर असा मुलामा दिला की क्रोम केलेलं पितळच वाटावं. तो दहा लाखांहून जास्त खपला आणि असंख्य मालकांना आपल्याकडचं झाकण प्लास्टिकचं आहे हे तो पहिल्यांदा पडून तडकेपर्यंत समजलं नाही. मकबऱ्याला अजून कुणी पाडून पाहिलेलं नाही, गिलावा तेवढा अधूनमधून निघतो आणि पुरातत्त्व खातं तो पुन्हा लावतं.

जस्ताच्या बाबतीत तर लाइकावाल्या जर्मनांनी इथे येऊन शिकवणी लावायला हवी होती. बिदरी काम बीदरचं, पण या शहरातही त्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या. भांडं ओतायचं ते बहुतेक जस्ताचं, त्यात थोडं तांबं. त्यात चांदीची तार ठोकायची आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागर घालून उकळायची आणि त्यात भांडं काळं करायचं. धातू काळाभोर होतो, चांदीला डाग लागत नाही. नंतर तेलाचा हात दिला की काळा रंग खुलतो. १९८४ साली लाइकानं एम-६ काढला आणि वरच्या झाकणासाठी पितळाऐवजी जस्ताचं ओतीव काम वापरलं. काही वर्षांनी बऱ्याच कॅमेऱ्यांवर रंगाखाली बारीक फोड आले. जस्त खालून गंजत होतं. एवढा महाग कॅमेरा आणि अंगावर घामोळं! २०२२ मध्ये कंपनीनं एम-६ नव्यानं बाजारात आणला तेव्हा झाकण मुकाट्यानं पितळाचं केलं होतं.

काळजीनं झालेल्या नुकसानाचा सर्वांत मोठा नमुना पाहायचा तर अजिंठ्याला जावं. शहरापासून शंभरेक किलोमीटर. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्यानं कॅमेरा हाती घेतला होता आणि त्यानं काढलेले वेरूळ-अजिंठ्याचे जोडफोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपानं निघाले. हिंदुस्थानासाठी खास 'ट्रॉपिकल' कॅमेरे बनवण्याची रीत पुढे रुजत गेली. सागवान किंवा महोगनीची पेटी, काळं कातडं अजिबात नाही, आणि सांधे नुसत्या सरसावर न सोडता कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. इथल्या हवेत सरस सुटतो आणि कातडं कसर खाते, हे साहेबाला एव्हाना कळलं होतं. चित्रांच्या बाबतीत मात्र अक्कल उशिरा आली. गिलनंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन नकला करायला आले. नक्कल करताना मूळ चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर वॉर्निश फिरवलं गेलं. मग १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, हे मोठं काम. आणि वर लाखेच्या रोगणाचा हात दिला. तो पिवळा पडला, त्याला भेगा गेल्या, खालच्या निळ्या-हिरव्या रंगांवर तपकिरी पडदा आला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचं कित्येक वर्षांचं काम म्हणजे आधीच्यांनी घेतलेली काळजी कापसाच्या बोळ्यानं पुसून काढणं. दीड हजार वर्षं वटवाघळांनी जे केलं नाही, ते प्रेमानं केलं.

बाजारात मात्र हवा फिरली आहे. लाइकाचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा कॅमेरा, १९२३ च्या सुमाराला चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या नगांपैकी क्रमांक १०५, जून २०२२ मध्ये लिलावात एक कोटी ४४ लाख युरोंना गेला. रुपयांत शंभर कोटींच्या वर. त्याचा रंग जागोजाग उडालेला आहे. ताबडतोब 'टचअप करून देऊ का' असं विचारणारा कुणी तिथे हजर नव्हता, हे बरंच झालं. त्याआधी २०१५ मध्ये लाइकानं गायक लेनी क्रॅविट्झ याच्याबरोबर एक मॉडेल काढलं. जगभरासाठी फक्त १२५ नग. कारखान्यात नवा कोरा काळा रंग द्यायचा आणि मग कारागिरांनी तो हातानं घासून कोपऱ्यांतलं पितळ बाहेर काढायचं. ज्या कामाचे लग्नातल्या फोटोग्राफरला यजमानांकडून टोमणे मिळत, "जरा बरा कॅमेरा आणायचा होता", त्या कामाचा तिथे पगार मिळतो.

झीज ही खऱ्या मालाची खूण मानावी, तर तीही फसवते. सोव्हिएत काळात खार्किवला लाइकाच्या धर्तीवर फेड नावाचा कॅमेरा १९३४ पासून बनू लागला. पुढे त्याच्यावर आणि तसल्याच झोर्कीवर सोनेरी मुलामा देऊन, जर्मन लष्कराची चिन्हं कोरून त्यांना लाइका म्हणून विकणारी मंडळी निपजली. त्यातही पितळच, तेही झिजतं आणि झिजून तितकंच थोर दिसतं. खरं-खोटं कळतं ते लेन्स काढून आत पाहिल्यावर. अंतर मोजणाऱ्या दांडीच्या टोकाला लाइकात गोल चाक असतं, फेडमध्ये ते टोक तिरप्या पाचरीसारखं असतं. पण लेन्स काढू देणारा विक्रेता असला माल विकायला बसत नाही.

मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात ४,४२५ जुने कॅमेरे असल्याची नोंद गिनीज बुकात झाली होती. रोज दहा पुसायचे म्हटलं तरी पहिल्याची पाळी पुन्हा यायला चौदा-पंधरा महिने लागतील. एवढ्या अंतरानं पुसणं हे कॅमेऱ्याला अगदी मानवेल. त्याला खरं लागतं ते थोडंच. मऊ ब्रश, हवेचा फुगा, किंचित ओलं सुती फडकं, केसबाहेरची मोकळी हवेशीर जागा आणि अधूनमधून रिकामं शटर उडवणारी एखादी व्यक्ती. हे शेवटचं काम घरातल्या ज्या पोराला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, ते फुकटात करायला तयार होतं.

सध्या मात्र दोन पिढ्यांची गंमत चालू आहे. जुना माल विकणारा, कॅमेरा नवा दिसावा म्हणून कोपऱ्यातल्या पितळावर काळा परमनंट मार्कर फिरवतो आणि पाचशे रुपये जास्त सांगतो. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातली पोरं, इन्स्टाग्रामवर जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो पाहून आलेली. त्यांना पितळच हवं असतं. ती कॅमेरा घरी नेऊन कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून सगळा मार्कर पुसतात. मार्कर ज्या स्टेशनरीच्या दुकानातला, स्पिरिट त्याच्याच शेजारच्या मेडिकलमधलं. कॅमेऱ्याच्या धंद्यात मंदी आहे असं या दोन दुकानदारांपैकी कुणीही म्हणत नाही.